जुन्या पिकअपची उंची वाढवण्यासाठी कॉइल स्प्रिंग स्पेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉइल स्प्रिंगवर उभ्या असलेल्या जुन्या पिकअपची पुढची बाजू थोडी उचलायची असेल, तर स्पेसर हा कमी खर्चाचा आणि हवा तेव्हा काढून टाकता येणारा उपाय आहे. मात्र स्पेसर फक्त उंची देतो. त्या उंचीमुळे शॉक ॲब्झॉर्बर, ब्रेकचे रबरी पाइप, बॉल जॉइंट (चाक वळू आणि वरखाली होऊ देणारे गोलाकार सांधे) आणि स्टिअरिंगचे दांडे यांच्यावर जो नवा ताण येतो, त्याची सोय गाडीच्या मालकालाच करावी लागते. खालच्या उत्तरांत म्हणूनच स्पेसर बसवण्याइतकेच त्याच्या आधीच्या मोजमापांविषयी आणि नंतरच्या तपासणीविषयी लिहिले आहे.

स्पेसर म्हणजे नेमके काय, आणि त्याने गाडी वर कशी जाते?

स्पेसर म्हणजे एक जाड कडे. ते स्प्रिंगचे टोक आणि ते टोक ज्या बैठकीवर टेकते ती बैठक यांच्या मध्ये बसवले जाते, आणि बहुतेक गाड्यांत ते वरच्या बाजूला, म्हणजे चासीकडे असते. स्प्रिंगवर येणारे वजन पूर्वीइतकेच राहत असल्यामुळे स्प्रिंग पूर्वीइतकीच दबते आणि तिची दबलेली लांबीही तीच राहते. फक्त स्प्रिंगचे वरचे टोक आता बैठकीऐवजी स्पेसरला टेकते, त्यामुळे स्प्रिंगच्या जागी चासीचे अंतर स्पेसरच्या जाडीएवढे वाढते आणि चासी वर उचलली जाते.

माझ्या पिकअपला स्पेसर बसेल का?

प्रथम पुढच्या चाकामागे वाकून पाहावे. तिथे वेटोळ्यांची स्प्रिंग दिसली तर पुढे विचार करता येतो. लांब सळईसारखा टॉर्शन बार किंवा पाटे दिसले तर हा उपाय त्या गाडीचा नाही. टॉर्शन बारच्या गाड्यांची उंची बारच्या मागच्या टोकाला असलेल्या बोल्टने कमी-जास्त होते.

एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे आणि टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह याप्रमाणे रचना बदलते, हे जुन्या गाड्यांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे लागते. शेव्हरोलेच्या १९६० ते १९६२ च्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपना पुढे टॉर्शन बार होते, तर १९६३ पासून तिच्या सी-१० या पिकअपला पुढे कॉइल स्प्रिंग आल्या. १९७३ ते १९८७ च्या पिढीत टू-व्हील ड्राइव्हला पुढे कॉइल आणि फोर-व्हील ड्राइव्हला पुढेही पाटेच होते. १९८८ पासूनच्या पिढीत फोर-व्हील ड्राइव्हला टॉर्शन बार आले. फोर्डने १९६५ मध्ये एफ-१०० वर ट्विन आय-बीम ही, प्रत्येक पुढच्या चाकाला वेगळा बीम असलेली, कॉइल स्प्रिंगची रचना आणली आणि १९८० मध्ये एफ-१५० च्या फोर-व्हील ड्राइव्हला तिचेच दुभंगलेल्या ॲक्सलचे रूप दिले. १९९४ ते २००१ च्या डॉज रॅमच्या फोर-व्हील ड्राइव्हला पुढे सरळ ॲक्सल आणि त्यावर कॉइल स्प्रिंग आहेत.

या तीन रचना, म्हणजे वरखाली दोन आर्म (चाकाला चासीशी जोडणारे हात) असलेली स्वतंत्र रचना, ट्विन आय-बीम आणि सरळ ॲक्सल, उंची वाढल्यावर तीन वेगवेगळ्या प्रकारे वागतात. आपली गाडी कोणत्या गटात मोडते हे ठरवल्याशिवाय स्पेसर विकत घेऊ नये.

गाडी मुळातच खाली बसलेली असेल तर काय करावे?

जुन्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. अनेकांना गाडी उचलायची नसते, ती कारखान्यातून निघाली तेव्हा जेवढी उंच होती तेवढी परत हवी असते. म्हणून गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांजवळ मोजावे आणि लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजलेल्या उंचीत टायरचा आकार आणि हवेचा दाब मिसळतो, त्यामुळे तो आकडा तुलनेसाठी फारसा उपयोगी नसतो.

बसलेल्या स्प्रिंगचा कडकपणा फारसा बदललेला नसतो. कमी झालेली असते ती तिची मोकळी लांबी. त्यामुळे पातळ स्पेसरने हरवलेली उंची परत मिळते हे खरे आहे. तरीही तारेवर गंजाचे खड्डे पडले असतील, वेटोळ्यांचा रंग उडून ती एकमेकांवर घासल्याच्या खुणा असतील किंवा टोक तुटलेले असेल, तर अशा स्प्रिंगवर स्पेसर ठेवण्यात अर्थ नाही. गंजाच्या खड्ड्यापासूनच तडा सुरू होतो. माझे मत असे की, पन्नास वर्षांच्या गाडीला मूळ मापाची नवी स्प्रिंग जोडी घालून आधी काही दिवस चालवावी. पुष्कळदा त्यानंतर स्पेसरची गरजच उरत नाही.

स्प्रिंग बाहेर काढल्यावर त्यांच्या बैठकी, आर्मचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर), बॉल जॉइंट आणि चासीचे आडवे बीम यांचीही हातासरशी तपासणी होते. बैठकीचा पत्रा गंजून पातळ झाला असेल तर आधी ती दुरुस्ती करावी.

२५ मिमीचा स्पेसर लावला तर गाडी २५ मिमीच उचलली जाईल का?

सरळ ॲक्सलवर स्प्रिंग ॲक्सलवरच उभी असते, म्हणून तिथे जवळजवळ स्पेसरच्या जाडीएवढीच उंची मिळते. दोन आर्मच्या रचनेत मात्र स्प्रिंग चाकापासून आत, लोअर आर्मच्या मधल्या भागात बसते. आर्म चासीकडच्या टोकाभोवती फिरतो, त्यामुळे स्प्रिंगच्या जागी झालेला थोडा बदल चाकाच्या जागी वाढून दिसतो. समजा, आर्मच्या आतल्या बिजागरीपासून स्प्रिंगपर्यंतचे अंतर हे बिजागरीपासून बॉल जॉइंटपर्यंतच्या अंतराच्या ०.५५ पट आहे. तर २५ मिमीच्या स्पेसरने चाकाजवळ २५ भागिले ०.५५, म्हणजे सुमारे ४५ मिमी उंची मिळेल.

यातून नेहमी एक घोटाळा होतो. काही विक्रेते पाकिटावर स्पेसरची जाडी लिहितात आणि काही गाडीला मिळणारी उंची लिहितात. ५० मिमी उंचीसाठी कोणी ५० मिमी जाडीचा स्पेसर आणला, तर दोन आर्मच्या गाडीत तो ९० मिमीच्या आसपास उचल देईल आणि बॉल जॉइंट आपल्या मर्यादेच्या टोकाला जाऊन बसतील. खरेदी करताना जाडी आणि उचल हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे विचारून घ्यावेत.

किती उंची वाढवणे योग्य ठरते?

फक्त स्पेसरच्या आधाराने चाकाजवळ ४० ते ५० मिमी ही मी मर्यादा मानतो, आणि ट्विन आय-बीमच्या गाडीत तर त्याहूनही कमी. त्यापुढे जायचे असेल तर आर्मच्या बैठकी खाली आणणारे ब्रॅकेट, लांब शॉक, बदललेले स्टिअरिंगचे दांडे असा पूर्ण संच लागतो आणि त्या संचात योग्य लांबीच्या स्प्रिंगही येतात. एकावर एक दोन स्पेसर रचून ती उंची गाठण्याचा प्रयत्न कधीही करू नये. दोन कड्यांच्या सांध्यावर आडवा जोर आला की ती एकमेकांवरून सरकू शकतात.

स्पेसर कोणत्या पदार्थाचा घ्यावा?

पॉलियुरेथेन गंजत नाही आणि आवाज करत नाही. फक्त ते पुरेसे कठीण हवे; नखाने सहज दबणारे कडे वजनाखाली हळूहळू चपटे होते. ॲल्युमिनियमचा स्पेसर आपले माप टिकवतो, परंतु ओलावा आणि मीठ असलेल्या रस्त्यांवर पोलादाला टेकलेले ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते, म्हणून त्याच्या आणि स्प्रिंगच्या मध्ये मूळ रबरी गादी अवश्य ठेवावी. पोलादी स्पेसर नीट रंगवलेला असेल तर उत्तम.

लेथवर स्वतः घडवून घ्यायचा असेल तर केवळ जाडी आणि व्यास पुरेसे नाहीत. स्प्रिंगला मधोमध धरून ठेवणारी कड त्याला हवी आणि स्प्रिंगच्या टोकाला जो उतार असतो, त्याला जुळणारी बैठकही हवी. लाकडाचे ठोकळे, टायरचे कापलेले तुकडे किंवा सळई वाकवून वेल्डिंग केलेली कडी यांवर गाडीचे वजन सोपवू नये. वेल्डिंगची उष्णता स्प्रिंगच्या तारेला तर मुळीच लागू देऊ नये, कारण तिने तारेचा पाण चढवलेला कणखरपणा जातो आणि ती त्याच जागी तुटते.

वेटोळ्यांच्या मध्ये घालून बोल्टने फाकवायचे स्पेसर मिळतात. ते का वापरू नयेत?

ते पाच मिनिटांत बसतात, यामुळेच लोकप्रिय आहेत. पण स्प्रिंग ही संपूर्ण लांबीची तार पिळली जाऊन काम करते. दोन वेटोळ्यांमध्ये पाचर घातली की तेवढा भाग काम करायचे थांबवतो आणि उरलेल्या वेटोळ्यांवर जास्त ताण येतो, त्यामुळे गाडी कडक होते. शिवाय पाचर जिथे टेकते तिथे तारेवर खाच पडते. त्या खाचेशी स्प्रिंग तुटल्याचे मी पाहिले आहे. सुदैवाने गाडी तेव्हा उभी होती. स्प्रिंगच्या टोकाशी बसणारा स्पेसर बसवायला अर्धा दिवस लागतो, पण स्प्रिंगचे काम तो बिघडवत नाही.

स्पेसर लावल्यावर गाडी कडक चालते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

टोकाशी बसणाऱ्या स्पेसरने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. तरीही गाडी हिसके देते असे वाटते, आणि त्याची कारणे बहुधा शॉकमध्ये सापडतात. गाडी उचलल्यावर चाक स्थिर उभे असतानाही पूर्वीपेक्षा खाली लोंबलेले असते, म्हणजे खाली जायला त्याच्याकडे जागा कमी उरते. खड्ड्यात चाक खाली उतरते तेव्हा मूळ लांबीचा शॉक पूर्ण ताणला जाऊन ठोकला जातो, आणि चालकाला तो ठोका कडकपणासारखा जाणवतो. शॉकची आतील सील आणि दोन्ही टोकांचे बुश अशा ठोक्यांनी लवकर संपतात.

मग शॉक बदलावेच लागतात का?

हे मोजून ठरवावे. गाडी स्टँडवर घेऊन शॉक सोडवावा, आर्म बॉल जॉइंट अडेपर्यंत किंवा आर्म आपल्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत खाली जाऊ द्यावा आणि शॉकच्या दोन बैठकींमधील अंतर घ्यावे. शॉकची पूर्ण ताणलेली लांबी या अंतरापेक्षा थोडी जास्त हवी. म्हणजे आर्मला थांबवण्याचे काम शॉकवर येत नाही. मग जॅकने आर्म वरच्या बंप स्टॉपला, म्हणजे त्याला वर थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, लागेपर्यंत उचलून दुसरे अंतर घ्यावे, आणि शॉकची पूर्ण दबलेली लांबी त्यापेक्षा कमी असल्याची खात्री करावी. लांब शॉक घेताना हा दुसरा आकडा विसरला जातो आणि मग मोठ्या खड्ड्यात शॉकच तळाला लागतो.

स्पेसरमुळे स्प्रिंग पूर्ण दबून वेटोळी एकमेकांना लागू शकतात का?

लागू शकतात, आणि हा धोका क्वचितच कोणी तपासतो. बंप स्टॉप आपल्या जागीच असल्यामुळे चाक पूर्वीइतकेच वर जाऊ शकते, पण स्प्रिंगला मिळणारी जागा स्पेसरच्या जाडीने कमी झालेली असते. पूर्ण दबलेल्या स्प्रिंगची उंची साधारणपणे वेटोळ्यांची संख्या गुणिले तारेची जाडी एवढी असते. उदाहरणादाखल, १७ मिमी जाडीच्या तारेची ९ वेटोळी म्हणजे १५३ मिमी. आर्म बंप स्टॉपला लागलेला असताना वरची आणि खालची बैठक यांत २०० मिमी अंतर असेल आणि स्पेसर २५ मिमीचा असेल, तर स्प्रिंगला १७५ मिमी मिळतात आणि २२ मिमी शिल्लक राहतात. ही शिल्लक दहा-बारा मिमीच्या खाली येत असेल तर उंच बंप स्टॉप बसवावा किंवा पातळ स्पेसर घ्यावा.

कोणती हत्यारे लागतात?

पुरेशा क्षमतेचा ट्रॉली जॅक, गाडीचे वजन पेलणारे दोन मजबूत जॅक-स्टँड, मागच्या चाकांना लावायचे ठोकळे, आतून बसणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर, बॉल जॉइंट सोडवण्याचे हत्यार, टॉर्क पाना, जाड साखळी, गंज सोडवणारे तेल आणि नवीन स्प्लिट पिना एवढे लागते. तेल आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर मारून ठेवले तर दुसऱ्या दिवशीचे निम्मे कष्ट वाचतात. गाडीच्या त्या वर्षाचे दुरुस्ती-पुस्तक जवळ असावे, कारण प्रत्येक नट किती घट्ट करायचा याचे आकडे त्यातच असतात.

हे काम किती धोक्याचे आहे?

दबलेली स्प्रिंग किती जोर धरून असते, याची कल्पना आकड्याने नीट येते. स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला १०० न्यूटन धरला आणि ती १५० मिमी दबलेली असली, तर तिच्यात सुमारे १,१२५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ११५ किलो वजन एक मीटर उंचीवरून पडावे तेवढा हा आघात आहे. म्हणून स्प्रिंगमधून साखळी ओवून ती चासीला बांधल्याशिवाय बॉल जॉइंटला हात लावू नये, स्प्रिंगच्या समोर तोंड किंवा गुडघे येतील असे बसू नये आणि कॉम्प्रेसरचा स्क्रू हवेच्या गनने फिरवू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, हा नियम इथेही आहेच. ज्याने स्प्रिंगचे काम पूर्वी केलेले नाही, त्याने पहिल्या वेळी अनुभवी मेकॅनिकला सोबत घ्यावे असे मी कळकळीने सांगतो.

दोन आर्मच्या रचनेत स्पेसर बसवण्याचा क्रम कसा असतो?

गाडी सपाट आणि पक्क्या जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि मग गाडी उचलून चासीखाली स्टँड लावावेत. आर्म मोकळे लोंबायला हवेत, त्यामुळे स्टँड आर्मखाली नको. चाक काढल्यावर शॉक काढावा. अनेक जुन्या पिकअपमध्ये तो स्प्रिंगच्या आतूनच जातो आणि तो निघाल्याशिवाय कॉम्प्रेसर आत घालता येत नाही. अँटी-रोल बारची (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याची) कडी सोडवावी आणि ब्रेकच्या रबरी पाइपचा ब्रॅकेट मोकळा करावा. ब्रेक कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने टांगून ठेवावा, पाइपवर लोंबू देऊ नये.

आता जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावून आर्मला किंचित उचलून धरावे. साखळी बांधावी आणि कॉम्प्रेसर बसवून स्प्रिंग थोडी आवळून घ्यावी. लोअर बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण तो पूर्ण काढू नये. चार-पाच आटे अडकलेले राहू द्यावेत. मग हत्याराने बॉल जॉइंटची निमुळती दांडी नकलमधून (चाक ज्यावर बसते त्या भागातून) सुटी करावी. ती सुटताना मोठा आवाज होतो आणि अडकवून ठेवलेला नट आर्मला तिथेच थांबवतो. तो नट ठेवण्याचे कारण हेच. नंतर जॅकने आर्मला पुन्हा आधार देऊन नट काढावा आणि जॅक अगदी सावकाश खाली आणावा. आर्म पुरेसा उतरला आणि स्प्रिंग सैल पडली की ती काढून घ्यावी.

काढण्यापूर्वी स्प्रिंगचे खालचे टोक आर्मच्या खोबणीत कुठे टेकले होते, त्या जागी खडूने खूण करून ठेवावी. टोक खोबणीत न बसता वर चढून बसले तर त्या बाजूची उंची वेगळी येते आणि काही किलोमीटरांनंतर मोठ्या आवाजासह स्प्रिंग जागेवर बसते. बैठक तारेच्या ब्रशने स्वच्छ करून रंग मारावा, स्पेसर आणि रबरी गादी आपापल्या जागी ठेवावी, स्प्रिंग पूर्वीच्याच दिशेने बसवावी आणि उलट क्रमाने सर्व जोडत यावे. स्पेसरमुळे स्प्रिंग आत घालताना ती पूर्वीपेक्षा जास्त आवळावी लागते, त्यामुळे या टप्प्यावर घाई झाली तर अपघात होतो. बॉल जॉइंटचा नट पुस्तकातील मापाने आवळून, खाच जुळत नसल्यास तो किंचित पुढे घट्ट करावा, मागे सैल करू नये, आणि नवीन स्प्लिट पिन घालावी.

आर्मच्या बुशांचे बोल्ट सैल केले असतील, तर ते गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे घट्ट करावेत. आर्म लोंबत असताना घट्ट केले, तर गाडी खाली येताच बुशातले रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते.

ट्विन आय-बीम आणि सरळ ॲक्सलमध्ये काय वेगळे आहे?

काम सोपे असते आणि परिणाम जास्त असतात. सरळ ॲक्सलवर शॉक, अँटी-रोल बारच्या कड्या आणि ॲक्सलला आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड बार सोडवून ॲक्सल जॅकने खाली आणला की स्प्रिंग बहुधा कॉम्प्रेसरशिवाय हाताने निघते. ट्विन आय-बीममध्ये स्प्रिंगचे खालचे टोक एका चकतीने आणि नटाने धरलेले असते. तो नट जुन्या गाडीत गंजाने घट्ट बसलेला असतो.

परिणाम आता पाहू. ट्विन आय-बीममध्ये प्रत्येक बीम गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या बिजागरीभोवती फिरतो, त्यामुळे गाडी उचलली की दोन्ही चाके वरच्या बाजूला बाहेर झुकतात आणि टायरची बाहेरची कड झिजू लागते. ही झुक, म्हणजेच कॅम्बर, कमी करण्यासाठी बदलता येणारे कॅम्बर बुश मिळतात, पण त्यांची मर्यादा लवकर संपते.

रेडियस आर्म (ॲक्सलला मागे चासीशी जोडणारा लांब दांडा) असलेल्या गाडीत कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो. आर्म ९०० मिमी लांबीचा धरला आणि ॲक्सल ५० मिमी खाली गेला, तर आर्म आणि त्यासोबत ॲक्सल सुमारे ३.२ अंशांनी पुढे फिरतो. एवढा कॅस्टर गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते.

पॅनहार्ड बार आणखी तिरका होऊन ॲक्सलला चासीवरच्या टोकाकडे ओढतो. ८५० मिमी लांबीच्या बारचा उतार १०० मिमीवरून १५० मिमी झाला, तर ॲक्सल साधारण ७ मिमी सरकतो. लांबी बदलता येणारा बार लावून हे भरून काढता येते.

अलाइनमेंट पुन्हा करावी लागते का?

प्रत्येक वेळी, अपवादाशिवाय. कॅम्बर, कॅस्टर आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) हे तिन्ही बदललेले असतात. नवी उंची स्थिर व्हावी म्हणून गाडी थोडी चालवून मग अलाइनमेंट करावी, पण ती रखडवू नये. टो चुकीचा असेल तर नवे टायर काहीशे किलोमीटरांत कडेला करवतीसारखे होतात. टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचे दांडे, फार तिरके झाले असतील तर अलाइनमेंट यंत्रावर आकडे बरोबर येऊनही खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग स्वतःहून ओढले जाते. हे यंत्राने दुरुस्त होत नाही, उंची कमी करणे किंवा दांड्यांची भूमिती बदलणे एवढेच मार्ग उरतात.

ब्रेकच्या पाइपांचे काय?

चाक पूर्ण खाली लोंबू द्यावे, स्टिअरिंग आधी एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला फिरवावे आणि दोन्ही वेळा रबरी पाइपला बोट लावून पाहावे. पाइप ताठ झाला असेल तर ब्रॅकेट हलवावा किंवा लांब पाइप बसवावा. वर्षानुवर्षांच्या जुन्या रबरी पाइपला बारीक भेगा असतील तर तो या निमित्ताने बदलून टाकावा.

फक्त पुढची बाजू उचलली तर चालेल का?

पिकअपची मागची बाजू माल भरल्यावर खाली बसावी म्हणून रिकामी असताना मुद्दाम थोडी उंच ठेवलेली असते. पुढची बाजू उचलून गाडी समपातळीत आणली, तर रिकामी असताना ती देखणी दिसते आणि माल भरल्यावर तिचे नाक वर जाते. तेव्हा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि पुढच्या चाकांवरचे वजन घटल्यामुळे स्टिअरिंग हलके लागते. जे नियमित माल वाहतात, त्यांनी मागचा फरक पूर्ण मिटवू नये. मागे पाटे असतील तर तिथे वेगळा ब्लॉक लागतो, आणि मागेही कॉइल असतील, जशा १९६० ते १९७२ च्या अनेक शेव्हरोले पिकअपना होत्या, तर मागेही स्पेसर बसवता येतो. मात्र प्रॉपेलर शाफ्टचा कोन तपासावा लागतो. काही वेगाला गाडीच्या तळातून थरथर जाणवू लागली तर शाफ्टच्या कोनाकडे पाहावे.

आता मोठे टायर घालता येतील का?

उंचीमुळे मडगार्डखाली जागा होते, पण बंप स्टॉपपर्यंत चाक पूर्वीइतकेच वर जाते. म्हणून टायर घासतो की नाही हे चाक पूर्ण वर आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना तपासावे. २८ इंचांऐवजी ३० इंच व्यासाचा टायर लावला तर स्पीडोमीटर सुमारे ७ टक्के कमी दाखवतो. काटा ६० वर असताना गाडी ६४ च्या वेगाने धावत असते.

उंच गाडी उलटण्याचा धोका किती वाढतो?

चाकांमधील अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७० मीटरवर असेल, तर अर्धी रुंदी भागिले उंची हे प्रमाण १.१४ येते. गुरुत्वमध्य ५० मिमी वर गेला की ते १.०७ होते, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनी घटते. फक्त पुढची बाजू उचलली तर फरक याहून कमी असतो. तरीही पहिले काही दिवस वळणावर वेग कमी ठेवून गाडीचा नवा स्वभाव ओळखून घ्यावा. हेडलाइटची दिशा त्याच दिवशी दुरुस्त करावी, आणि आपल्या ठिकाणचे वाहननियम व विम्याच्या अटी अशा बदलाला परवानगी देतात का, हे काम सुरू करण्यापूर्वीच विचारावे.

बसवल्यानंतर काय तपासायचे?

पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर चाकांचे, शॉकचे, बॉल जॉइंटचे आणि कड्यांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा पाहावेत आणि पाचशे किलोमीटरांनंतर आणखी एकदा. सुरुवातीला लिहून ठेवलेल्या उंचीच्या आकड्यांशी नव्या उंचीची तुलना करावी. दोन बाजूंत दहा मिमीहून जास्त फरक असेल तर स्प्रिंगचे टोक खोबणीत नाही किंवा एक स्प्रिंग दुसरीपेक्षा जास्त बसलेली आहे, असे समजावे. गतिरोधकावर एकच मोठा ठोका येत असेल तर शॉकची लांबी, स्टिअरिंग वळवताना कटकट येत असेल तर स्प्रिंगची बैठक, आणि बारीक सततची खडखड असेल तर अँटी-रोल बारच्या कड्या, या क्रमाने पाहावे.

पुढे स्पेसर काढायचा झाला तर?

ज्या क्रमाने बसवला त्याच क्रमाने तो निघतो आणि गाडी मूळ उंचीवर येते, कारण चासीत काही कापलेले किंवा वेल्डिंग केलेले नसते. अलाइनमेंट मात्र पुन्हा करावी लागते. मूळ शॉक, मूळ बुश आणि सुरुवातीच्या उंचीचा कागद एका पेटीत जपून ठेवला असेल, तर हे काम एका दिवसात उरकते.